दोन बोटांची टकटक

डिंक्याचं टेबल वाट्याला आलं तेव्हाच तिला कळायला हवं होतं. बढती मिळून तो मुख्य कचेरीत गेला आणि मोठ्या साहेबांनी मोठ्या उदार मनाने त्याची खुर्ची, त्याचं टेबल आणि त्याच्या सगळ्या केसेस तिच्या गळ्यात मारल्या. पहिल्याच दिवशी खुर्ची पुढे ओढताना तिची बोटं टेबलाच्या खालच्या बाजूला लागली, तर तिथे काहीतरी खरखरीत, गोळ्यागोळ्यांचं. वाकून पाहिलं. वाळलेला डिंक! हा गृहस्थ वर्षानुवर्षं बोटांवरचा डिंक सोलून, त्याच्या गोळ्या वळून टेबलाखाली चिकटवत आला होता. काही पिवळ्या, काही काळपट, काहींत केस अडकलेले. ती उठली, हात धुऊन आली, बसली, आणि पुन्हा उठून हात धुऊन आली.

"झालं नाकवालीचं सुरू," मोठे साहेब आपल्या काचेच्या खोलीतून म्हणाले. त्यांना वाटलं तिला ऐकू जात नाही. किंवा जावं असंच वाटत असेल.

नाकवाली हे तिचं ऑफिसातलं नाव. तिला वास येतात, हा तिचा गुन्हा. तसं पाहिलं तर तिचं सगळं कामच नाकाचं होतं. सरकारी भाड्याच्या घरांची देखरेख करणारी ती कचेरी. कुणाची भिंत ओली, कुणाचं छत गळतं, कुणाच्या मोरीतून घाण वर येते, अशा तक्रारी यायच्या. तपासणी अधिकाऱ्याने घरी जायचं, बघायचं, लिहायचं आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा करायचा. याला केस म्हणत. बदल्यात भाडेकरूंनीही नियम पाळायचे, आणि त्यातला पहिला नियम असा की तपासणीला आलेल्या माणसाला दार उघडायचं. सलग तीन वेळा दार उघडलं नाही तर भाडेकरू सहकार्य करत नाही असं ठरायचं, मग सुनावणी आणि मग घर परत. कागदावर सगळं कसं नीटनेटकं होतं.

नीटनेटकं नव्हतं ते डिंक्याचं दार वाजवणं. ती नवीन असताना तो तिला एकदा बरोबर घेऊन गेला होता. एका दारापुढे उभा राहिला, उजव्या हाताची दोन बोटं किंचित वाकवली आणि ओला रंग वाळलाय का बघावं तशी ती दाराला लावली. टक. टक. मग लगेच खिशातून डिंकाची बाटली काढली, बोटाने चिठ्ठीला डिंक फासला आणि चिठ्ठी दारावर डकवली. 'आम्ही तपासणीसाठी आलो होतो. आपण दार उघडले नाही.'

"अहो, पण आत कुणीतरी आहे. रेडिओ ऐकू येतोय," ती म्हणाली होती.

"म्हणून तर," डिंक्या म्हणाला. "हे बघा ताई, दार उघडलं की आत जावं लागतं. आत गेलं की बघावं लागतं. बघितलं की लिहावं लागतं, आणि लिहिलं की दुरुस्त करावं लागतं. दुरुस्तीला माणसं आहेत का आपल्याकडे?"

मग तो हसला आणि बोटावरचा डिंक सोलू लागला. तिला वाटलं, नवीन माणसाची थट्टा करतोय. तीही हसली. पण तो थट्टा करत नव्हता. सबंध ऑफिसला ही टकटक ठाऊक होती. सगळ्यात जास्त केसेस बंद करणारा कर्मचारी म्हणून त्याचा हसरा फोटो जिन्यापाशी भिंतीवर लावलेला होता, आणि त्याची बढतीही त्याच पुण्याईवर झालेली होती.

त्याच्या ढिगाऱ्यात सगळ्यात वर जी केस होती ती एका म्हाताऱ्या जोडप्याची. चौथा मजला, वरून घाण पाणी गळतंय, अशी तक्रार. खाली तीन चिठ्ठ्यांची नोंद आणि पुढच्या आठवड्यात सुनावणी.

"यात तुम्हाला काहीच करायचं नाही," मोठे साहेब म्हणाले. "त्याने सगळं शिजवून ठेवलंय, तुम्ही फक्त ताट वाढा. सुनावणीला जायचं, दार उघडलं नाही म्हणायचं, परत यायचं."

"एकदा जाऊन बघून येते."

"कशाला?"

"वास बघायला," ती म्हणाली. साहेबांनी असं तोंड केलं की जणू तिने त्यांच्याच घरचा वास काढला.

इमारतीच्या जिन्यातच वास सुरू झाला. पहिल्या मजल्यावर नुसता कुबट वास, दुसऱ्यावर ओल्या चुन्याचा, आणि तिसऱ्याच्या वर संडासाचा. उघड, निर्लज्ज, संडासाचा. कठड्याला हात लावायची सोय नव्हती. मधल्या वळणावर भिंतीला काळ्या बुरशीचे पुंजके धरले होते आणि त्यांच्यावर कुणीतरी मागे एकदा पांढरा रंग मारला होता. ती बुरशी रंग फोडून पुन्हा वर आली होती. असा रंग मारायला लावणारा माणूस आपल्याच ऑफिसात कुठेतरी डबा खात बसला असेल, या विचाराने तिला बुरशीपेक्षा जास्त शिसारी आली.

चौथ्या मजल्यावरच्या दारावर तिन्ही चिठ्ठ्यांचे डाग होते. चिठ्ठ्या काढलेल्या, डिंक तसाच. तिने पंजा उघडला आणि दारावर थाड्कन मारला. दुसऱ्यांदा मारायला हात उचलला तोच दार उघडलं, आणि तो हात समोरच्या म्हाताऱ्याच्या नाकावर बसता बसता राहिला.

"या, या," म्हातारा एकदम म्हणाला. "तपासणीच्या ना तुम्ही? आलात एकदाच्या! या."

दारामागे खुर्ची होती. दाराला अगदी खेटून. तिच्यावर गादीचा तुकडा, आणि तो मधोमध दबून पार चपटा झालेला. खुर्चीच्या पायाशी पाण्याचा तांब्या आणि त्याच्या शेजारी, उंबऱ्याला लागून, उंदराचा पिंजरा. पिंजऱ्यात पावाचा वाळका तुकडा.

"इथे बसता तुम्ही?"

"मग काय करणार? पहिली चिठ्ठी आली तेव्हा म्हटलं, आत हिचं अंग पुसत असेन, ऐकू आलं नसेल. तेव्हापासून खुर्ची इथेच आणली. तुमच्याकडून येणार म्हणून कळवतात ना, त्या दिवशी सकाळपासून मी हलत नाही. तरी बाहेर बघावं तर चिठ्ठी! मला तर वाटलं, कुणी पोरं चेष्टा करतात की काय."

"आणि दार कुणीच वाजवलं नाही?"

"कुणी म्हणजे कुणी नाही. फक्त तो मेला उंदीर."

"उंदीर?"

"दार कुरतडतो हो. मी इथे बसलो की बाहेरून येतो आणि कुरतडतो. टक टक, असं. दोनदा. मग गप्प. म्हटलं, लाकूड खाऊन टाकेल, म्हणून मग पिंजरा लावला." म्हाताऱ्याने पिंजऱ्याकडे रागाने पाहिलं. "पण हुशार आहे. सापडत नाही."

तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडण्यासाठी आधी श्वास आत घ्यावा लागतो आणि त्या घरात ते जिवावर येत होतं.

आतून बायकी आवाज आला. "कोण आलंय हो?"

"तपासणीच्या बाई आल्यात."

"अगंबाई! घमेलं उचला, घमेलं!"

"राहू दे आता घमेलं. बघू देत की त्यांना," म्हातारा म्हणाला, आणि तिच्याकडे वळून ओशाळल्यासारखा हसला. "एरवी तुम्ही येणार म्हटलं की मी सगळं उचलून, पुसून ठेवतो. बरं नाही दिसत."

आतल्या खोलीत पलंगावर आजी पडून होत्या. अर्धं अंग गेलेलं. पलंगावर चार काठ्या उभ्या करून प्लास्टिकचा कागद ताणला होता, त्याच्या मध्यभागी पिवळसर पाणी साचून फुगा धरला होता, आणि एका कोपऱ्यातून ते पाणी थेंब थेंब खालच्या घमेल्यात पडत होतं. छताचा रंग सांगवत नव्हता. भिंतीवरून एक ओघळ खाली येऊन आजींच्या उशीच्या मागून गेला होता. पलंग हलवायला दुसरी जागाच नव्हती. दुसऱ्या भिंतीला तर पापुद्रे सुटून विटा दिसत होत्या.

"लावा रुमाल नाकाला," आजी म्हणाल्या. "आम्हाला राग नाही यायचा. आम्हीपण लावत होतो आधी."

तिने रुमाल लावला. तिला लाज वाटली, पण लावला. आजोबांनी पेल्यातून पाणी आणलं. पेला घासूनपुसून लख्ख केलेला होता, तरी ती म्हणाली, "नको, आत्ताच पिऊन आलेय." आजोबांनी पेला परत नेऊन ठेवला. त्यांना कळलं हे तिला कळलं.

"घर काढून घेणार का हो आमचं?" आजींनी विचारलं. "यांना म्हटलं, घेऊ देत. पण मला उचलून न्यायचं कुठे? जिन्यातून उतरवायलाच चार माणसं लागतील."

त्यावर दोघं नवराबायको हसली. तिला हसू आलं नाही.

वरच्या मजल्यावर ती एकटीच गेली. त्या घराच्या दाराखालून तपकिरी पाणी बाहेर येत होतं. ते वाळून उंबऱ्याशी त्याचा थर बसला होता आणि थरावर माश्या. दाराला कुलूप होतं, कुलपावर लाख, आणि लाखेवर शिक्का. तिने तो वाकून वाचला. तिच्याच कचेरीचा.

मोठ्या साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधूनमधून मान डोलावली, चहा ढवळला, आणि चमचा चाटून टेबलावर ठेवला.

"म्हणजे आपलंच घर गळतंय," ते शांतपणे म्हणाले.

"हो. आपणच कुलूप घातलंय. आतला नळ किंवा संडासाचा पाइप फुटला असणार. नुसतं कुलूप काढलं तरी..."

"चावी सापडत नाही ना त्याची."

"मग तोडू कुलूप."

"तोडायचं कसं? शिक्का आहे." साहेबांनी खुर्ची मागे केली. "बाई, तुम्ही हुशार आहात, म्हणून उघड बोलतो. गळतीची केस उभी राहिली तर ती आपल्याविरुद्ध उभी राहते. दार न उघडल्याची राहिली तर ती त्यांच्याविरुद्ध. दोन्हीपैकी एक उभी राहणार. मग कुठली राहावी, सांगा बघू?"

"साहेब, त्या माणसाने उंदीर समजून पिंजरा लावलाय! डिंक्यासाठी!"

साहेबांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते खो खो हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि चाटलेला चमचा उचलून पुन्हा चहात घातला. "पिंजरा! सांगतो हं त्याला!" मग डोळे पुसत म्हणाले, "सुनावणीला काय बोलायचं ते नीट ठरवून या. जुन्या फायलींच्या गोदामात एक जागा रिकामी आहे. तिथे भाडेकरू नाहीत, गळती नाही. फक्त उंदीर आहेत."

घरी आल्या आल्या ती न्हाणीघरात शिरली. बाहेर आली तेव्हा सासूबाई मटार सोलत होत्या आणि नवरा सोललेले खात होता.

"तुला किळस येत नाही असं काही आहे का?" नवरा म्हणाला. "नोकरीच चुकली तुझी. अत्तराच्या दुकानात बसायला हवं होतंस."

तिने सगळं सांगितलं. गोदामाचंसुद्धा. नवऱ्याचा हात मटारावरच थांबला. तो म्हणाला, "गप्प बस तू. तीन चिठ्ठ्या त्याने लावल्यात, तू नाही. तू कशाला मध्ये पडतेस?"

सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. ती मटारासाठी होती की बोलण्यासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. सुनेला विचारलं, "त्या बाईच्या घरी पाणी तरी प्यायलीस का?"

"नाही प्यायले. आई, तुम्ही तो वास घेतला असतात ना..."

"तू घटकाभर घेतलास. ती बाई त्यात झोपते," सासूबाई म्हणाल्या. "इतकी किळस येते ना तुला? मग ती योग्य माणसाची येऊ दे."

एवढं बोलून त्यांनी मटाराचा वाडगा मुलापासून लांब सरकवला.

सुनावणी मुख्य कचेरीत, वरच्या मजल्यावर होती. खोली मोठी, दार जाड आणि आपोआप बंद होणारं. सुनावणीच्या बाई कोरड्या स्वभावाच्या म्हणून प्रसिद्ध होत्या. समोर येईल त्यावर निकाल देत, ना कुणावर राग, ना लोभ. एका बाजूला मोठे साहेब आणि ती. दुसऱ्या बाजूला आजोबा, स्वच्छ शर्ट घालून. शर्टालाही तो वास येत होता. साहेबांनी मुद्दाम आपली खुर्ची लांब सरकवली आणि आजोबांकडे बघून नाक दाबलं. तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तीन वेळा दार उघडलं नाही, असं दिसतंय," सुनावणीच्या बाई म्हणाल्या. "तपासणी अधिकारी कोण आहे?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली.

"मी आहे, बाईसाहेब. मी गेले होते. मी दारावर हात मारला आणि दुसरा मारायच्या आत आजोबांनी दार उघडलं. ते दाराला खेटून खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या बायकोच्या अंगावर संडासाचं पाणी गळतंय. ते ज्या घरातून गळतंय त्याला आमचंच कुलूप आहे. आमच्या माणसाने तिन्ही वेळा कुणाला ऐकू जाणार नाही असं दार वाजवलं आणि चिठ्ठी लावली. तो नेहमीच तसं करतो. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

बोलून ती खाली बसली. साहेबांचा चेहरा मख्ख.

"आमच्या बाई नवीन आहेत, हळव्या आहेत," ते म्हणाले. "साधी गोष्ट आहे, बाईसाहेब. म्हातारबाबा बहिरे आहेत. आमचा माणूस ठोठावून ठोठावून दमतो, यांना पत्ताच नसतो. वाईट वाटतं, पण नियम आहे."

"तुम्हाला ऐकू येत नाही का?" सुनावणीच्या बाईंनी आजोबांना विचारलं.

"येतं की," आजोबा म्हणाले. "रात्री ही नुसती कण्हली तरी जाग येते मला."

"बहिरी माणसं असंच म्हणतात," साहेब म्हणाले.

सुनावणीच्या बाईंनी चिठ्ठ्यांची नोंद पुन्हा पाहिली. "ज्याने चिठ्ठ्या लावल्या तो कर्मचारी कुठे आहे?"

"खालच्याच मजल्यावर असतो तो आता."

"बोलवा त्याला."

दारावरचा शिपाई निरोप घेऊन खाली गेला आणि शिपायांच्या रीतीप्रमाणे तिकडेच कुठेतरी गुंतला. जाड दार त्याच्यामागे बंद झालं. सगळे बसून राहिले. साहेब नखं बघत होते. आजोबा मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. तिला दिसत होतं की हे प्रकरण हातचं चाललंय. डिंक्या येणार, छातीवर हात ठेवून सांगणार की मी दारं बडवली, आणि बोलणं संपणार. तिच्या शब्दाला त्याचा शब्द, आणि त्याच्या बाजूला तीन चिठ्ठ्या. आजींना जिन्यातून उतरवायला चार माणसं लागतील. ती माणसं मात्र कचेरी तत्परतेने पाठवील.

"अजून नाही आला तुमचा माणूस," सुनावणीच्या बाई म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरून यायला इतका वेळ?"

"कामात असेल," साहेब म्हणाले. "फार कामसू आहे."

"मी थांबणार नाही. जे समोर आहे त्यावर..."

आजोबांनी एकदम मान वर केली.

"उंदीर," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"काय?"

"उंदीर आलाय. इथेपण." ते दाराकडे बघत होते. "तोच तो."

साहेबांनी सुनावणीच्या बाईंकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. "बघितलंत? नुसते कानच नाहीत, डोकंही गेलंय."

तिने कान टवकारले. तिला काहीच ऐकू आलं नाही. पंख्याची घरघर, साहेबांचा श्वास. बस्स.

आजोबा उठले. कुणाची परवानगी न विचारता चालत दारापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी ते जाड दार आत ओढलं.

दारात डिंक्या उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं वाकवून पुढे धरलेली, आणि डावा हात खिशातल्या बाटलीवर. सवय म्हणा, नाहीतर आत यायची इच्छाच नव्हती म्हणा.

"किती वेळ उभे आहात?" सुनावणीच्या बाईंनी विचारलं.

"हा काय, मघापासून ठोठावतोय, बाईसाहेब," डिंक्या म्हणाला. "कुणी उघडेचना."

हे तोंडातून गेलं आणि मग त्याला खोलीतली शांतता दिसली. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब पुन्हा नखं बघू लागले होते.

"आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही," सुनावणीच्या बाई म्हणाल्या. "या बहिऱ्या गृहस्थांना तेवढं आलं."

"छे छे, मी चांगला जोरात..." डिंक्या गडबडीने म्हणाला, आणि खातरी पटवायला त्याने उघड्या दारावर मूठ आपटली. धाड, धाड, धाड. खोली दणाणली. सुनावणीच्या बाई दचकल्या.

आजोबा अजून दाराला धरून उभे होते. त्यांनी डिंक्याच्या मुठीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाले, "असं नव्हतं हो वाजवलंत तुम्ही. असं एकदा जरी वाजवलं असतंत तरी उघडलं असतं मी."

डिंक्या बोटावरचा डिंक सोलू लागला.

म्हाताऱ्यांचं घर राहिलं. वरच्या घराचं कुलूप त्याच दिवशी तोडलं, आणि गंमत म्हणजे तोडल्यावर चावीही सापडली. आत घोट्याएवढी घाण साचली होती. ती काढायला आलेल्या माणसांनी नाकाला फडकी बांधली आणि तिला शिव्या दिल्या. खाली आजोबांनी तिला पेला दिला तेव्हा तिने तो घेतला आणि डोळे मिटून ती एका दमात पाणी प्यायली. घशाखाली उतरताना उमासा आला. तो तिने गिळला.

"पिंजरा काढलात का?" तिने विचारलं.

"काढला. त्यांना सांगा, राग मानू नका," आजोबा म्हणाले. "बोट सापडलं असतं बिचाऱ्याचं."

बिचाऱ्याला समज दिली गेली. म्हणजे कुणीतरी त्याला बोलावलं, असं करू नये म्हणून सांगितलं, आणि बहुधा चहा पाजून परत पाठवलं. जिन्यापाशी त्याचा फोटो अजून हसतो आहे. तिला गोदामात पाठवायचं साहेबांनी तूर्त लांबणीवर टाकलं, कारण सुनावणीच्या बाईंनी तिचं नाव विचारून घेतलं होतं. साहेब आता तिच्याशी फार गोड बोलतात, आणि ते जास्त ओंगळ वाटतं.

तिने टेबल उलटं करून डिंकाच्या सगळ्या गोळ्या पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढल्या. मग मागचं कपाट उघडलं. डिंक्याने बंद केलेल्या केसेस, खालपासून वरपर्यंत. प्रत्येकीत तीन चिठ्ठ्या. सगळ्यात वरचा पत्ता तिने लिहून घेतला आणि दुपारी त्या घरी गेली. दारावर डिंकाचे जुने डाग होते. तिने पंजा उघडून दार बडवलं.

एका तरुण बाईने दार उघडलं. कडेवर मूल, चेहरा हसतमुख. घर कोरडं, भिंतींना नवा रंग.

"आधी इथे राहत होते ते लोक कुठे गेले?" तिने विचारलं.

"काही कल्पना नाही बाई," ती तरुणी म्हणाली. "काढलं म्हणे त्यांना. कुणी आलं तरी दारच उघडायचे नाहीत." तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "अशी कशी हो असतात माणसं?"